सूनबाईच्या क्वेबेकी घराण्याचा माग

जन्मनोंदीपासून नको, लग्नापासून सुरुवात करा. क्वेबेक या कॅनडातल्या फ्रेंचभाषी प्रांतातल्या कॅथलिक चर्चच्या वह्यांत पहिल्या लग्नाच्या नोंदीत बहुधा वर-वधू दोघांच्याही आईवडिलांची नावं असतात, तीही आईच्या माहेरच्या आडनावासकट. म्हणजे एक लग्न सापडलं की मागच्या दोन लग्नांची वाट मिळते. पुनर्विवाह असेल तर पुष्कळदा फक्त आधीच्या जोडीदाराचं नाव दिसतं. मग ते पहिलं लग्न शोधायचं. बायका कागदोपत्री मरेपर्यंत माहेरचंच आडनाव लावत, त्यामुळे पणजीला सासरच्या नावाखाली धुंडाळू नका.

खरी डोकेदुखी ‘दी’ नावांची. ‘ऊदों दी बोलियू’ म्हणजे ऊदों ऊर्फ बोलियू. 1665 साली फ्रान्सहून आलेल्या कारिन्यां-सालिएर पलटणीतल्या शिपायांना अशी टोपणनावं असत, पण ती शिपायांपुरती राहिली नाहीत. पुढे एका भावाची मुलं ऊदों, दुसऱ्याची बोलियू. बाप्तिस्म्याला एक आडनाव, लग्नाला दुसरं, असंही होतं. धागा तुटला की दुसरं नाव टाकून बघा. घराणं अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत गेलं असेल तर आणखी घोळ, कारण तिथे फ्रेंच आडनावांचं इंग्रजी भाषांतर व्हायचं: ‘र्वा’चे (Roy, राजा) किंग, ‘ब्वाव्हेर’चे (Boisvert, हिरवं रान) ग्रीनवुड!

मुलगे सगळे जोसेफ आणि मुली सगळ्या मारी दिसल्या तर दचकू नका, नोंदीतल्या दोन-तीन नावांपैकी हाक मारायचं नाव बहुतेकदा शेवटी असतं.

1800 पूर्वीच्या नोंदी मॉन्ट्रियल विद्यापीठाच्या प्रकल्पाने छान जुळवून ठेवल्यात. तरी मूळ पानाचं छायाचित्र पाहाच. इंटरनेटवरच्या आयत्या वंशवृक्षांवर माझा काडीचा भरवसा नाही.