कळसूबाईला रात्री निघताय? मग जरा उशिराच निघा

पुण्याहून सहा मित्र, त्यातले चार जण पहिल्यांदाच डोंगर चढणार, डिसेंबरातली पौर्णिमा. रात्री दहाला पायथ्याच्या बारी गावातून चढायला लागायचं, वर तंबू ठोकायचा आणि सकाळी सूर्योदय बघायचा, असा तुमचा बेत. बूट कुठले घ्यावेत आणि तंबू किती माणसांचा, हे तुम्ही विचारलंय. त्यावर येतोच, पण गडबड आहे ती त्या 'रात्री दहा'मध्ये.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा अगदी हेच केलं होतं. आठ जण होतो, उत्साह उतू जात होता. साडेदहाला निघालो आणि दीड वाजता माथ्यावर हजर. बनियन घामाने पाठीला चिकटलेलं आणि वर बोचरा वारा. देवळाच्या आडोशाला एका चादरीत तिघे-तिघे बसलो, ते थेट साडेपाच तास. पहिल्या अर्ध्या तासात गाणी संपली, पुढच्या अर्ध्यात गप्पा. मग ज्याने हा बेत काढला त्याला जो तो मनातल्या मनात शिव्या घालत बसला. (तो मीच.) सूर्य उगवला तेव्हा दोघे चक्क घोरत होते आणि त्यांना हलवायचं त्राण कोणात नव्हतं.

आता हिशोब बघा. कळसूबाई 1646 मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. बारीतून चढ साधारण 850-900 मीटरचा. नवखी मंडळी थांबत-थांबत तीन-साडेतीन तास घेतात. डिसेंबरअखेर सूर्य उगवतो सातच्या आसपास, त्याआधी पाऊण तास तांबडं फुटायला लागतं. म्हणजे पहाटे तीनला निघालात तरी वेळेत पोचता आणि थंडीत जेमतेम अर्धा-पाऊण तास बसावं लागतं. एप्रिल-मेमध्ये सूर्योदय सहाच्या आगेमागे, तेव्हा दीड-दोनला निघायचं. रात्री आठपर्यंत बारीत पोचा. गावात जेवणाची आणि झोपायची सोय करणारी घरं आहेत, फक्त आधी फोन करून सांगा. त्याच फोनवर रात्री चढायला सध्या मनाई नाही ना, हेही विचारून घ्या, कारण हा सगळा भाग अभयारण्यात येतो. गरम पिठलं-भाकरी खाऊन अडीचपर्यंत ताणून द्या.

त्यामुळे तंबूचा प्रश्नच मिटला. माथा लहान आहे, मधे देऊळ, सुट्टीच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. तंबूचं बोचकं घेऊन वाटेतल्या लोखंडी शिड्या चढण्यात काही मजा नाही.

बुटांचं म्हणाल तर तळव्याला खाचा असलेले, महिनाभर पायात घातलेले कुठलेही चालतील. नवे कोरे बूट त्या रात्री पहिल्यांदा घालू नका. खरी गरज आहे ती एका कोरड्या टी-शर्टची, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेल्या. माथ्यावर पोचल्या-पोचल्या, अंग गरम आहे तोवर, ओला काढून तो घालायचा, वर स्वेटर आणि कानटोपी. लाज वाटते म्हणून लोक हे करत नाहीत आणि मग कुडकुडतात. चढताना मात्र जाड जॅकेट घालू नका, घामाने भिजून जाल. माणशी दोन-तीन लिटर पाणी घ्या. शेवटच्या शिडीच्या अलीकडे विहीर आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका.

विजेरी डोक्याला बांधायचीच घ्या, कारण शिडीवर दोन्ही हात मोकळे लागतात. मोबाइलचा उजेड तिथे कामाचा नाही. पौर्णिमेचं चांदणं माळावर छान पडतं, झाडीत आणि कड्याच्या सावलीत शिरलात की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही.

तुमच्यातल्या ज्याला उंचीची भीती वाटते त्याला नेऊ की नको, असं विचारलंय. न्या. लोखंडी शिड्या भक्कम आहेत, कठडे आहेत, आणि अंधारात खालचं काही दिसत नसल्याने चढताना तो बिनघोर चढेल. त्याची कसोटी सकाळी, उतरताना. तेव्हा शिडीकडे तोंड करून, एक-एक पायरी, आणि त्याच्या खाली एक शांत डोक्याचा गडी ठेवा. दवाने पायऱ्या निसरड्या असतात, त्यामुळे घाई करणाऱ्या मागच्या गर्दीला खुशाल थांबवा. पुढे कोणी चालायचं हेही आत्ताच ठरवा: सगळ्यात हळू चालणारा पुढे, सगळ्यात दमदार शेवटी. उलट केलंत की तुकड्या पडतात आणि एखादा गडी वाट चुकतो.

तुमच्यातल्या एकाला कळसूबाईऐवजी हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा हवाय. कोकणकड्याचं तोंड पश्चिमेला. सूर्यास्ताला त्याला तोड नाही, पण सूर्योदयाला तिथे बसलात तर सूर्य तुमच्या पाठीमागून येईल. उगवता सूर्य बघायचा तर तिथे तारामती शिखर गाठावं लागतं.

कळसूबाईवर पूर्वेला बितनगड, औंढा आणि पट्टा या किल्ल्यांच्या कडा आधी काळ्या दिसतात, मग एकेक सुटी होत जाते. पट्टा म्हणजेच विश्रामगड, 1679 साली जालन्याच्या स्वारीनंतर शिवाजी महाराज विसाव्याला थांबले तो. सूर्य वर आला की सगळे मोबाइल काढतात. तुम्ही तेव्हा पाठ फिरवा. हवा धुरकट असेल तर पश्चिमेला कळसूबाईची सावली पडलेली दिसते, अगदी रेखीव त्रिकोण, अलंग-मदन-कुलंग या किल्ल्यांच्या बाजूला पसरलेला. आणि तुम्ही पौर्णिमा धरलीय, म्हणजे त्याच वेळी समोर चंद्र मावळत असणार. हे मला इतक्या वर्षांत दोनदाच जमलंय, बाकी वेळी कधी ढग आले तर कधी मीच उशिरा उठलो.

देवळाच्या ओट्यावर बूट घालून चढू नका, दारू तर नकोच. कळसूबाई ही गावकऱ्यांची देवी आहे, नवरात्रात मोठी जत्रा भरते. शेकोटीही पेटवू नका, डिसेंबरात गवत वाळून कोळ झालेलं असतं.

उतरायला अडीच तास धरा, गुडघे बोलायला लागतात. खरी काळजी त्याच्यापुढची. संगमनेरमार्गे पुण्याला गाडी कोण चालवणार? पहाटे अडीचपासून जागा असलेला माणूस जेवून स्टीअरिंगवर बसला की डोळा लागतो. मी डोंगरात कधी घाबरलो नाही, पण एकदा आळेफाट्याच्या अलीकडे गाडी रस्ता सोडून मातीत उतरली तेव्हा घाबरलो होतो. एकतर ड्रायव्हर ठरवा आणि त्याला बारीतच झोपू द्या, नाहीतर उतरल्यावर जिथे मुक्काम केलात त्याच ओसरीवर दोन तास पडा. चहा झाला की निघा.