पॅटीबाईंची शिफारस आणि जुना वेबर

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीत राहते. तिथे एक जुना उभा ‘वेबर’ पियानो विकाऊ आहे. विक्रेता त्यासोबत एकोणिसाव्या शतकातील एका जाहिरातीची चौकटीत लावलेली प्रतही देतो आहे. तीत अॅडेलिना पॅटी, क्रिस्टिन निल्सन, पॉलिन लुक्का या ऑपेरा गायिकांनी वेबरच्या पियानोंची तोंडभरून स्तुती केली आहे. ही स्तुती विकत घेतलेली असते का? गाणाऱ्यांना पियानोतले काय कळणार? आणि तिच्यासाठी चार पैसे जास्त मोजावेत का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपण वर्णन केलेली जाहिरात १८७० च्या दशकातील अमेरिकन नियतकालिकांत नेहमी दिसे, त्यामुळे ती बनावट असेल असे मानण्याचे कारण नाही. अल्बर्ट वेबर यांनी न्यूयॉर्कमध्ये १८५२ साली धंदा सुरू केला आणि पुढच्याच वर्षी त्याच शहरात स्टाइनवे यांचा कारखाना उभा राहिला. मैफली गाजवणाऱ्या पियानोवादकांना आपल्याकडे ओढण्यात स्टाइनवे आणि बॉस्टनचे चिकरिंग हे दोघे आघाडीवर होते. आंतोन रुबिनस्टाइन यांनी १८७२-७३ मध्ये अमेरिकेत २१५ मैफली केल्या, त्या स्टाइनवेच्या पाठबळावर. १८७५ मध्ये हान्स फॉन ब्यूलो आले ते चिकरिंगचा पियानो घेऊन. (याच ब्यूलोंनी बाल्टिमोरला पियानोवर लटकवलेली कंपनीच्या नावाची सोनेरी पाटी रागारागाने उपटून काढली होती. आपण चालतीबोलती जाहिरात नाही, असे त्यांचे म्हणणे होते.) वेबर यांनी गायिकांकडे मोर्चा वळवला, आणि व्यापारी म्हणून ही खेळी हुशारीची होती, कारण दिवाणखान्यात पियानो घेणाऱ्या बहुतेक कुटुंबांना त्यावर अवघड रचना वाजवायच्या नसत, घरातल्या मुलीच्या गाण्याला साथ हवी असे.

गायिकेचे नाव वस्तूला चिकटले की ती खपते, हे अमेरिकेने त्याआधीच पाहिले होते. १८५० मध्ये करमणुकीचे खेळ भरवणारे व्यावसायिक बार्नम यांनी स्वीडिश गायिका जेनी लिंड यांना अमेरिकेत आणले तेव्हा हातमोजे, टोप्या, शाली, खुर्च्या आणि पियानोसुद्धा ‘जेनी लिंड’ नावाने विकले गेले. त्या लाटेत वस्तूला फक्त नाव लागत असे. वेबर यांच्या जाहिरातीत गायिकेचे मतही छापले जाई. पॅटी म्हणतात की सर्व नामांकित कारागिरांचे पियानो आपण वापरले, पण पसंती यालाच. लुक्का नेमके उभ्या पियानोंचे कौतुक करतात. आणि संगीतकार योहान स्ट्राउस तर पारेपा-रोझा या गायिकेने या पियानोला अमेरिकेत सर्वोत्तम म्हटल्याचे सांगून आपणही सहमत असल्याचे कळवतात. हा शेवटचा नमुना मला फार आवडतो, कारण त्यात शिफारशीचीच शिफारस आहे.

ही स्तुती विकत घेतलेली होती का, याचे उत्तर हो किंवा नाही असे एका शब्दात देता येत नाही. दौऱ्यावरच्या कलावंताला गावोगावी सुरात लावलेला पियानो लागतो आणि तो पुरवणे हे कारखानदाराच्याच आवाक्यातले काम होते. अशा नात्यात आभाराच्या पत्राचा सूर कौतुकाचा लागणारच, आणि छापताना त्यातली सर्वांत गोड ओळ निवडली जाणार.

गाणाऱ्यांना पियानोतले कळत नाही, हे मात्र मला मान्य नाही. मिरजेला जाऊन तंबोरा निवडणाऱ्या गवयाला भोपळा कोरता येत नसेल, पण जवारी बोलते आहे की नाही हे त्याला पहिल्या छेडीतच समजते. ऑपेरा गायिका आपली भूमिका महिनोन्महिने पियानोशेजारी उभी राहून बसवते. आपल्या पेटीचा सूर भात्याच्या जोरावर हवा तितका टिकतो. पियानोचा सूर मात्र हातोडी तारेवर पडल्या क्षणापासून विरत जातो. तो किती सावकाश विरतो आणि मधल्या सप्तकात आवाजाला झाकून टाकतो की आधार देतो, हे गायिकेइतके क्वचितच कोणी बारकाईने ऐकत असेल. पट्ट्यांचा प्रतिसाद, वेगवान फिरत, कारागिरीचा टिकाऊपणा यांबाबत मात्र वादकाचे आणि ट्यूनरचेच मत घ्यावे.

खरी अडचण वेगळीच आहे. अल्बर्ट वेबर १८७९ मध्ये वारले. १९०३ मध्ये कंपनी एओलियन या स्वयंचलित पियानोंच्या बड्या समूहात गेली आणि बऱ्याच काळाने ‘वेबर’ हे नाव कोरियातील यंग चँगकडे पोहोचले. म्हणजे पाटीवर नाव तेच असले, तरी पॅटींनी ज्याची स्तुती केली तो हा पियानो असेलच असे नाही. मुलीला वरचे झाकण उचलून आतल्या बिडाच्या चौकटीवरचा क्रमांक पाहायला सांगा. त्यावरून निर्मितीचे साल काढता येते. त्यानंतर एखाद्या ट्यूनरला पैसे देऊन तीन गोष्टी तपासून घ्याव्यात : साउंडबोर्डला (तारांचा नाद मोठा करणाऱ्या लाकडी फळीला) तडा आहे का, नमद्याच्या हातोड्या किती झिजल्या आहेत, आणि खुंट्या ज्या लाकडी फळीत बसवलेल्या असतात तिथे त्या घट्ट आहेत का. खुंट्या ढिल्या असतील तर आज सुरात लावलेला पियानो काही दिवसांत उतरतो, आणि ती दुरुस्ती कित्येकदा पियानोच्या किमतीहून महाग पडते. जाहिरातीची प्रत आवडली असेल तर भिंतीवर लावण्याचे चित्र म्हणून घ्यावी, पण विक्रेत्याला तिचे मोल पियानोच्या किमतीत मिळवू देऊ नये.