तपास आणि बंदोबस्त यांसाठी वेगळे पोलिस ठेवले तर गोव्यात गुन्ह्यांचा तपास सुधारेल का?

हो, सुधारेल, आणि आधी फरक दिसेल तो आरोपपत्रात. मी म्हापशाच्या कोर्टात फौजदारी खटले चालवतो. घरफोडीचा पंचनामा झालेला असतो, शेजाऱ्याची जबानी मात्र राहिलेली, कारण तपास करणारा उपनिरीक्षक कधी कार्निव्हलच्या, कधी शिगम्याच्या, तर डिसेंबरात जुन्या गोव्याच्या फेस्ताच्या बंदोबस्ताला. पंधरा दिवसांनी शेजाऱ्याला नेमकी वेळ कशी आठवणार? तोवर दुकानाच्या सीसीटीव्हीतलं चित्रणही पुसलं गेलेलं असतं. पोलिस सुधारणांविषयीच्या प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली हे विभाजन करायला सांगितलं, शिवाय पोलिस ठाण्याच्या प्रमुखाला किमान २ वर्षं एका जागी ठेवायलाही. माझ्या मते दुसरी गोष्ट तितकीच मोलाची आहे. मध्येच अधिकारी बदलला की नवा माणूस फाइल पहिल्या पानापासून वाचतो.

अडचण एकच: त्या निर्देशात सुरुवात १० लाखांवरच्या शहरांपासून करायची होती, आणि २०११ च्या जनगणनेत अख्ख्या गोव्याची लोकसंख्याच साडेचौदा लाखांच्या आसपास. इथल्या लहान ठाण्यांत जादा माणसं न देता नुसता आदेश काढला, तर तपासाची माणसं पुढच्या फेस्ताला पुन्हा रस्त्यावर उभी दिसतील.