कुत्रीच्या गाठीवर कसलं करिअर, असं विचारणाऱ्या आईला

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. घरातल्या लॅब्राडोर कुत्रीला सडाजवळ गाठ झाली, ऑपरेशन झालं, रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला, आणि तेव्हापासून बारावीतली तुमची लेक म्हणतेय की मला या गाठींच्या जीन एक्सप्रेशनवर, म्हणजे गाठीत कुठली जनुकं किती चालू आहेत यावर काम करायचंय, आणि घरचे म्हणतायत नीटची परीक्षा दे, डॉक्टर हो.

अहो, नीट तर तिला तशीही द्यायचीच आहे! बीव्हीएस्सीची, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकीच्या डिग्रीची ॲडमिशनसुद्धा नीटच्या मार्कांवरच होते, त्यामुळे यंदा घरात भांडायचं कारणच नाही. कोर्स इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा. मुंबईत परळचं व्हेटर्नरी कॉलेज १८८६ पासूनचं आहे, पण तुम्ही सांगलीचे, तुम्हाला शिरवळचं कॉलेज जवळ पडेल.

बीएस्सी बायोटेक करूनही या विषयात येता येतं, नाही असं नाही. पण मी व्हेटर्नरीच सांगेन, आणि का ते तिलाही वाचून दाखवा. प्रत्येक पेशीत जनुकं तीच असतात, त्यातलं कुठलं किती चालू आहे हे आरएनए, म्हणजे चालू जनुकाची पेशीने काढलेली नक्कल, मोजून कळतं. पण कुत्रीच्या स्तनातली गाठ बऱ्याचदा मिश्र असते, म्हणजे ग्रंथीच्या पेशींसोबत आत चक्क कूर्चा आणि कधीकधी हाडसुद्धा तयार झालेलं असतं, मग सगळा तुकडा एकत्र वाटून मशीनमध्ये घातला तर आकडे सुंदर येतात पण ते नेमके कुठल्या पेशींचे हेच कळत नाही. कुठला भाग घ्यायचा हे स्लाइड, म्हणजे काचेवरचा गाठीचा पातळ काप, मायक्रोस्कोपखाली वाचता येणाऱ्यालाच समजतं. शिवाय आरएनए फार नाजूक, गाठ काढल्यावर नुसती ट्रेमध्ये पडून राहिली तरी तुटायला लागतो, म्हणजे निम्मं काम ऑपरेशन टेबलापाशीच होतं. म्हणून आधी बीव्हीएस्सी, मग पॅथॉलॉजी किंवा ॲनिमल बायोटेक्नॉलॉजीत एमव्हीएस्सी ही पुढची डिग्री, त्यासाठी बरेलीचं आयव्हीआरआय, म्हणजे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था, डोळ्यासमोर ठेवा.

आणि 'कुत्र्याचं काय' म्हणणाऱ्यांना सांगा, कुत्र्याचा अख्खा जीनोम, म्हणजे सगळा जनुकीय आराखडा, २००५ साली छापून आलाय, ताशा नावाच्या बॉक्सर कुत्रीचा. बायकांच्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये इस्ट्रोजेन रिसेप्टर, म्हणजे इस्ट्रोजेन हार्मोनचा संदेश घेणारं पेशीतलं प्रथिन, बघतात ना, तो इथेही बघतात, आणि गाठ जितकी घातक तितका तो साधारण कमी होत गेलेला दिसतो. आपल्याच घरात, आपल्याच हवेत राहणाऱ्या जनावराला हा आजार आपोआप होतो, म्हणून माणसांचे डॉक्टरही या अभ्यासाकडे लक्ष ठेवून असतात.

एक मात्र स्पष्ट सांगते, पैसा लवकर येणार नाही. पीएचडी धरली तर तिशी जवळ येईल. पण हातात व्हेटची डिग्री असेल, रिसर्च नकोसा झाला तर प्रॅक्टिस आहे, सरकारी पशुधन विकास अधिकाऱ्याची परीक्षा आहे.

सध्या एवढंच करा, परीक्षा झाली की जिथून रिपोर्ट आला तिथे तिला घेऊन जा आणि तुमच्याच कुत्रीची स्लाइड मायक्रोस्कोपखाली दाखवाल का म्हणून विचारा. बहुतेक जण आनंदाने दाखवतात.