जाहिरात नाही, तरी अर्ज करू?

प्रश्न : चाकणला प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्र्याचे भाग दाबून घडवतात तिथे, मी शिफ्ट इनचार्ज आहे. शेजारच्या कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजरची जागा रिकामी होणार असं कानावर आलंय. जाहिरात नाही. थेट मालकांशी बोलू का?
– एक वाचक, राजगुरुनगर

उत्तर : जरूर बोला. पण गेटवर बायोडेटा ठेवून येऊ नका. मी प्लांट हेड असताना सिक्युरिटीच्या रजिस्टरखाली असे गठ्ठे पडलेले पाहिलेत, फार वाईट वाटायचं. लहान कारखान्यात बहुधा मालकच ठरवतात, तेव्हा त्यांच्याच नावाने दहा ओळींचा मेल लिहा. ‘मेहनती आहे’ वगैरे नको. डाय (प्रेसचा साचा) बदलायला आधी किती वेळ लागायचा, आता किती लागतो. रिजेक्शन, म्हणजे बाद होणारा माल, कुठून कुठे आणलंत. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाच्या ऑडिटला काय सांभाळलंत, हे लिहा. सध्याच्या कंपनीचे दर, ड्रॉइंग यांतलं अक्षरही नको. इथलं तिथे सांगणारा माणूस उद्या आपलंही सांगेल, हे मालक लगेच ताडतो. आणि ‘जागा रिकामी होणार’ हे तर मुळीच लिहू नका. त्या खुर्चीवरच्या माणसाला कदाचित अजून ठाऊकही नसेल.

आठवड्याने एक फोन करा, सकाळची प्रॉडक्शन मीटिंग उरकल्यावर. पगाराचं त्यांनी विचारलं तरच बोला, नोटीस पीरियड मात्र आधीच सांगून टाका.