वडिलांनी फ्लॅट आत्ताच भावाच्या नावावर करून द्यावा का, आणि आईला सांभाळायचा पुढचा खर्च कुठून काढायचा?

थेट सांगते, बक्षीसपत्र (म्हणजे हयातीतच घर दुसऱ्याला भेट म्हणून लिहून देणं) करू नका. निदान आई-वडील दोघंही हयात आहेत तोवर तरी नको.

तुम्ही लिहिलंय की वडील ७६ वर्षांचे, आईला डिमेन्शियाची सुरुवात असल्याचं डॉक्टरांनी नुकतंच सांगितलंय, फ्लॅट वडिलांच्या एकट्याच्या नावावर आणि त्यांच्याच कमाईतून घेतलेला, पेन्शन नाही, जे आहे ते एफडीत, आणि भाऊ म्हणतोय आत्ताच त्याच्या नावावर करून टाकू म्हणजे नंतर कटकट नको, खर्चही जवळपास काही नाही. मी बँकेत नोकरी केली आणि निवृत्तीनंतर ज्येष्ठ नागरिक संघात लोकांना कागदपत्रांसाठी मदत करते, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर सारखा येतो, आणि दरवेळी मला वाटतं की हे लोक सही करायच्या आधी भेटले म्हणून बरं झालं.

भावाचं खर्चाचं म्हणणं चुकीचं नाही. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला, मुलीला, नवऱ्याला, बायकोला किंवा नातवंडांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये, वर त्या त्या ठिकाणचा अधिभार असेल तो. पण मृत्युपत्राला तर स्टॅम्पच लागत नाही, नोंदणीसुद्धा ऐच्छिक आहे, आणि वारशावरचा कर आपल्याकडे १९८५ मध्येच रद्द झाला. मग वाचतंय काय? फ्लॅट भावाला आज मिळतो की वडिलांनंतर मिळतो एवढाच फरक, आणि त्या मधल्या काळातच आईच्या आजारपणाचा सगळा खर्च येणार आहे.

बक्षीसपत्र एकदा रजिस्टर झालं, भावाने स्वीकारलं, की वडिलांना नुसतं मन बदललं म्हणून ते परत घेता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम १२६ आहे, त्यात देणाऱ्याच्या मर्जीवर बक्षीस रद्द होत नाही असं स्पष्ट आहे. लोक मला सांगतात की अहो पण तो २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे ना, मुलाने सांभाळलं नाही तर घर परत मिळतं. मिळतं, पण एक अट आहे आणि ती नव्वद टक्के लोकांना माहीतच नसते असं म्हटलं तरी चालेल. त्या कायद्याच्या कलम २३ मध्ये असं आहे की 'सांभाळ करीन' या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि नंतर सांभाळ केला नाही, तर तो व्यवहार फसवणुकीने किंवा दबावाखाली झाला असं धरून न्यायाधिकरण तो रद्द करू शकतं. डिसेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने हरियाणातल्या एका प्रकरणात सांगितलं की अशी अट होती हे दिसलंच पाहिजे, नुसतं आई आहे मुलं आहेत म्हणून ती गृहीत धरता येणार नाही. मग जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईच्या बाजूने निकाल लागला, कोर्टाने म्हटलं हा कायदा म्हाताऱ्या माणसांच्या भल्यासाठी आहे, तो मोकळ्या मनाने वाचा, आणि न्यायाधिकरण घराचा ताबाही परत देऊ शकतं. पण तिथेसुद्धा बक्षीसपत्रात सांभाळायचा उल्लेख होता आणि त्याच दिवशी मुलाने लिहून दिलेलं वचनपत्र होतं. म्हणजे कागद होता म्हणून ती बाई जिंकली.

आमच्या ओळखीच्या एका आजींनी घर मुलाला दिलं तेव्हा बक्षीसपत्रात 'नैसर्गिक प्रेमापोटी' एवढं एकच वाक्य होतं. तो मुलगा वाईट नव्हता हो, त्याची नोकरी गेली, घर गहाण पडलं, आणि आजींना पुढे लेकीकडे जावं लागलं. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण तुम्ही भावावर अविश्वास दाखवताय असं घरात कोणीतरी म्हणणारच. भाऊ चांगला असला तरी उद्या त्याचं कर्ज, त्याचा घटस्फोट, त्याचं स्वतःचं आजारपण, देव न करो त्याचा मृत्यू, यातलं काहीही झालं तर तुमच्या आई-वडिलांचं छप्पर त्यात अडकतं. वडिलांना हे याच शब्दांत सांगा, भावाचं नाव न घेता.

आता खर्चाचं. लोक म्हणतात मेडिक्लेम आहे, आयुष्मानही आता सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना लागू झालंय. ते ऑक्टोबर २०२४ पासून खरं आहे, वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कव्हर आहे, पण ते हॉस्पिटलमध्ये ॲडमिट झाल्यावरचं. डिमेन्शियाचा खरा खर्च हॉस्पिटलच्या बाहेर असतो, दिवसरात्र लक्ष ठेवायला बाई, डायपर, बाई पुरवणाऱ्या ब्युरोची फी, आणि पुढे घरी जमेनासं झालं तर केअर सेंटरचं महिन्याचं बिल. यातलं काहीच नेहमीचा मेडिक्लेम देत नाही. आणि हे किती वर्षं चालेल ते कोणी सांगू शकत नाही. तर तुमच्या घरात या खर्चासाठी दोनच ठेवी आहेत, एक एफडी आणि दुसरा तो फ्लॅट. फ्लॅट वडिलांच्या नावावर असेल तर तो भाड्याने देता येतो, विकून लहान घर घेता येतं, नाहीतर बँकेकडून रिव्हर्स मॉर्टगेज घेता येतं, म्हणजे साठीच्या पुढच्या माणसाला स्वतःच्या राहत्या घरावर बँक ठरावीक काळाने पैसे देते, हयातीत ते फेडावे लागत नाहीत आणि नंतर वारसांनी फेडून घर सोडवायचं किंवा बँक विकते. आपल्याकडे फार कमी लोक ते घेतात, मीही ते पहिला उपाय म्हणून सांगणार नाही, पण भावाच्या नावावर घर गेलं की यातला एकही मार्ग वडिलांच्या हातात राहत नाही, प्रत्येक गोष्टीला भावाची सही लागणार.

एफडींबद्दल बँकेतली एक गोष्ट सांगते जी बाहेर कोणाला माहीत नसते. आई-वडिलांच्या जॉइंट एफडीवर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कोणीही एक किंवा मागे राहील तो) लिहिलेलं असलं तरी मुदतीआधी ती मोडायची असेल तर सहसा दोघांच्याही सह्या मागतात. एकाच्या सहीवर पैसे मिळतात ते मुदत संपल्यावर. आज आई सही करू शकते, दोन वर्षांनी कदाचित करू शकणार नाही, आणि नेमकं तेव्हाच पैसे लागतील. म्हणून मोठी पाच वर्षांची एक एफडी ठेवण्यापेक्षा छोट्या छोट्या, वेगवेगळ्या वेळी मुदत संपणाऱ्या करा. वडिलांच्या नावे पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना, एससीएसएस, बघा, ३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि व्याज दर तिमाहीला खात्यात येतं, ब्युरोचं बिल त्यातून भागवायला बरं पडतं.

मुखत्यारपत्राचं काय, असं तुम्ही शेवटी विचारलंय. आईने आज तुम्हाला पॉवर ऑफ ॲटर्नी दिली तर ती फक्त तिला समजतंय तोवरच चालते. आपल्याकडच्या कायद्यात देणाऱ्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही की मुखत्यारपत्र संपतं, म्हणजे ज्या दिवसासाठी ते केलं त्याच दिवशी ते निरुपयोगी होतं. काही देशांत यासाठी वेगळं टिकणारं मुखत्यारपत्र असतं, आपल्याकडे ते नाही. मग आईच्या नावावरचं काही विकायचं किंवा काढायचं तर हायकोर्टात जाऊन पालक नेमून घ्यावा लागतो, होतं ते, पण वेळ आणि पैसा दोन्ही जातात.

आणि खरी अडचण यातच आहे, तुमच्या घरात कोणी यावर बोललंच नसेल बहुतेक. वडील मृत्युपत्र न करता गेले (हिंदू कायदा लागू आहे असं मी धरतेय) तर फ्लॅटमध्ये आई, भाऊ आणि तुम्ही असे तिघांचे सारखे हिस्से होतात. आईचा एक तृतीयांश हिस्सा, आणि आई सही करू शकत नाही. म्हणजे विकता येत नाही, हक्कसोडपत्र होत नाही, तुम्हा दोघां भावंडांचं कितीही एकमत असू दे. आईच्या औषधपाण्यासाठीच घर विकायचं म्हटलं तरी कोर्टाची पायरी चढावी लागते. सोसायटीत तुमचं किंवा भावाचं नॉमिनेशन असेल तरी उपयोग नाही, नॉमिनी हा मालक होत नाही, तो वारसांच्या वतीने सांभाळणारा.

म्हणून वडिलांनी मृत्युपत्र करावं आणि ते असं करावं: फ्लॅट आईच्या नावावर सोडू नये, तर तिच्यासाठी ट्रस्ट करावा. 'ट्रस्ट' ऐकून घाबरू नका, चार पानांत होतो. विश्वस्त म्हणून तुम्ही आणि भाऊ दोघं, शक्य असेल तर एक बाहेरचा समजूतदार माणूस, भाडं किंवा विक्रीचे पैसे आई असेपर्यंत फक्त तिच्या सांभाळासाठी, आणि तिच्यानंतर जे उरेल ते भावाला किंवा दोघांना, जे वडिलांच्या मनात असेल तसं. भावालाच पूर्ण घर द्यायचं असेल तर तेही इथेच लिहिता येतं, म्हणजे त्याचंही समाधान होतं. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा व्यवस्थापक (एक्झिक्युटर) कोण ते लिहा. दोन साक्षीदार, दोघांनी वडिलांना सही करताना बघितलेलं असलं पाहिजे, आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यातला कोणी साक्षीदार नको. वडील ७६ चे आहेत म्हणून त्याच दिवशीचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा की त्यांना सगळं समजतंय, आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवून टाका, बंधनकारक नसलं तरी. नंतर मन बदललं तर वडील ते कधीही बदलू शकतात, बक्षीसपत्रात आणि यात मला हाच सगळ्यात मोठा फरक वाटतो.

आईचंही विसरू नका. डिमेन्शियाचं निदान झालं म्हणजे त्या दिवसापासून तिची सही बाद झाली असं नसतं. सुरुवातीच्या टप्प्यात तिला आपल्याकडे काय आहे, कोणाला द्यायचंय हे समजत असेल तर तीही मृत्युपत्र करू शकते, फक्त डॉक्टरांकडून त्या दिवशी तपासून घ्या आणि हे लवकर करा. दागिने, तिच्या नावची खाती, माहेरकडून काही आलं असेल तर ते.

इतकं सांगूनही वडील बक्षीसपत्रावरच अडून बसले तर निदान त्यात चार गोष्टी लिहून घ्या. दोघांनाही हयातभर त्या घरात राहायचा हक्क, भाऊ दोघांचा खाण्यापिण्याचा, औषधांचा आणि काळजी घेणाऱ्या बाईचा खर्च करील ही अट, आणि ती मोडली तर बक्षीस रद्द करता येईल हे वाक्य. आणि आई-वडिलांची परवानगी नसताना घर गहाण किंवा विक्री नाही, हेही. वकील म्हणेल छापील मसुदा आहे, तो वापरू नका.

तुम्ही मुलगी आहात, लग्न झालेलं आहे, म्हणून तुमचा यात काय संबंध असं कोणी म्हणालं तर २००७ च्या कायद्यात मुलगा आणि मुलगी दोघांवरही सांभाळायची सारखीच जबाबदारी आहे. कधी वेळ आलीच तर अर्ज प्रांत कार्यालयात करायचा, वडील स्वतः करू शकतात किंवा तुम्ही त्यांच्या वतीने, महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह खर्च मिळू शकतो, आईच्या खर्चापुढे ही रक्कम तोकडीच आहे. काही अडलं तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे, फुकट आहे, वडिलांच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.

सध्या आधी आईची डॉक्टरांची वेळ घ्या आणि एफडीच्या पावत्या घेऊन दोघांना एकत्र बँकेत न्या, मृत्युपत्राचा मसुदा तोवर वकील तयार करील.