बोईसरला घर घेतोय, बायको गरोदर आहे. तारापूरच्या अणुभट्टीचा किरणोत्सार कितपत धोक्याचा?

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत: बोईसरचा फ्लॅट जवळजवळ ठरलाय, बायकोला चौथा महिना आहे, आणि सासूबाई म्हणतात अणुभट्टीच्या शेजारी बाळ नको. शिवाय तुम्ही विचारलंय की "सुरक्षित" हे ठरवतं तरी कोण. मी शास्त्रज्ञ नाही. चौदा वर्षं एका रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात काम करते, मामा तारापूरला देखभाल विभागात होते, आणि माझी थोरली पोटात असताना याच आकड्यांनी माझी झोप उडवली होती. तेवढ्या बळावर लिहिते.

आम्हा लोकांच्या छातीवर टीएलडी बिल्ला असतो. प्लॅस्टिकच्या चपट्या डबीत ॲल्युमिनियमची पट्टी, तिच्यावर तीन छोट्या पांढऱ्या चकत्या. किरणं लागली की चकत्या ती ऊर्जा धरून ठेवतात आणि प्रयोगशाळेत तापवल्या की तेवढा उजेड टाकतात. त्यावरून डोस मोजतात. दर तीन महिन्यांनी बिल्ले जातात, आकडे येतात. तिसऱ्या महिन्यात मी विभागप्रमुखांना लेखी कळवलं की मी गरोदर आहे. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, "मग रजाच घ्या ना." नियम तसं म्हणत नाही. नियम म्हणतो की कळवल्यापासून बाळंतपणापर्यंत गर्भाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा (शरीराला लागलेल्या किरणांचा डोस मोजायचं हे माप) जास्त डोस जाता कामा नये, आणि काम तसं लावून द्यायचं. मी काम सोडलं नाही.

पुढच्या वेळी आकडे आले तेव्हा माझ्या बिल्ल्याचा आकडा आला ११ मिलिसिव्हर्ट. माझ्या बाळाच्या मर्यादेच्या अकरापट. चौकशीचा फॉर्म आला: कुठे उभ्या होतात, किती तपासण्या केल्या, बिल्ला कुठे ठेवता. तीन आठवडे मी जेवले ते गिळायचं म्हणून. शेवटी निघालं काय, तर बिल्ला शिशाच्या ॲप्रनला तसाच लावून मी घरी जात होते आणि ॲप्रन सीटीच्या खोलीतच खुंटीवर लटकत होता. डोस ॲप्रनला लागला होता, मला नाही. चूक माझीच. पण एक गोष्ट त्या फॉर्ममुळे डोक्यात पक्की बसली: किरणांवर नियंत्रण म्हणजे कोणीतरी मोजतंय, आणि आकडा वर गेला की कोणालातरी उत्तर द्यावं लागतं. बाकी सगळं त्यानंतर.

आता मर्यादा. भारतात त्या अणुऊर्जा नियामक मंडळ ठरवतं, ज्याला आम्ही एईआरबी म्हणतो. १९८३ साली स्थापन झालं. सामान्य माणसाला वर्षाला १ मिलिसिव्हर्ट. काम करणाऱ्याला पाच वर्षांत मिळून १००, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. हे आकडे दगडावर कोरलेले नाहीत. लोकांसाठीची मर्यादा एके काळी ५ होती, कामगारांची ५०. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या डोसचा हिशेब नव्याने मांडला गेला, धोका आधी वाटला त्यापेक्षा जास्त निघाला, आणि १९९० मध्ये किरणांपासून संरक्षणाचे नियम सुचवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने आकडे खाली आणले.

आणि १ च्या खाली काहीच होत नाही, असंही कोणी सिद्ध केलेलं नाही. नियम बनवणारे उलटं धरून चालतात: डोस कितीही कमी असो, धोका त्या प्रमाणात थोडा का होईना असतोच. या हिशेबाने १ मिलिसिव्हर्ट एक लाख लोकांना मिळाला तर त्यांच्या आयुष्यभरात साधारण पाच जादा कर्करोगाचे मृत्यू. आपल्याकडे तसेही नऊजणांत एकाला आयुष्यात कधीतरी कर्करोग होतो, म्हणजे लाखात अकरा हजार. हा अकरा हजारांचा आकडा नुसत्या योगायोगानेच शंभरेकाने इकडेतिकडे होतो. त्यात ते पाच शोधणार कसे? म्हणून "अभ्यासात काही आढळलं नाही" आणि "धोका नाही" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पेपरात ती नेहमी एकत्र छापतात.

अभ्यासही एका सुरात बोलत नाहीत. केरळात करुणागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइट या किरणोत्सारी खनिजाच्या वाळूमुळे लोकांना जन्मभर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त नैसर्गिक किरणं लागतात. तिथल्या सुमारे सत्तर हजार लोकांचा अभ्यास २००९ मध्ये आला, कर्करोग वाढलेला दिसला नाही. उलट फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या तीन लाखांवर अणुकामगारांच्या अभ्यासात, २०२३ मध्ये, डोस वाढतो तसे कर्करोगाचे मृत्यू वाढताना दिसले, अगदी कमी डोसच्या टप्प्यातही.

तुमच्या सासूबाईंची भीती मात्र जर्मनीतल्या २००७ च्या अभ्यासाशी जुळते. सोळा अणुवीज केंद्रांच्या आजूबाजूला, पाच किलोमीटरच्या आत, पाच वर्षांखालच्या मुलांत रक्ताचा कर्करोग दुपटीने दिसला: तेवीस-चोवीस वर्षांत सतरा अपेक्षित होते, सदतीस निघाले. पण त्या भट्ट्यांतून बाहेर पडणारा डोस नैसर्गिक किरणांच्या हजाराव्या हिश्शाहून कमी होता, त्यामुळे किरणांनी हे झालं असं हिशेबात बसेना. कारण आजही नीट सापडलेलं नाही. मी हे तुमच्यापासून लपवणार नाही, पण अंतर लक्षात घ्या: पाच किलोमीटर. बोईसर स्टेशन केंद्रापासून दहा-बारा किलोमीटरवर आहे.

तारापूरची पहिली दोन युनिटं १९६९ ची. तिथे वर्षाचे हजार मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे तोच १ मिलिसिव्हर्ट, अख्ख्या आवाराला मिळून असतात, एका भट्टीला नाही. त्याची आधीच वाटणी होते: या युनिटला इतके, धुराड्यातून हवेत इतके, समुद्रात सोडायच्या पाण्याला इतके, आणि काही हातचे राखून. पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळेची माणसं आसपासची मासळी, दूध, भाजी, पाणी, गाळ नेऊन तपासतात. मंडळाच्या अहवालांत कुंपणाजवळच्या माणसाचा डोस मर्यादेच्या थोड्याच टक्क्यांत असतो. जगात सरासरी माणसाला जमिनीतून, हवेतून, आकाशातून मिळतो तो वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट. आणि पोटाचा एक सीटी स्कॅन आठ-दहा. गंमत म्हणजे रुग्णाला मर्यादाच नाही, डॉक्टरांनी लिहिलं की झालं. तेव्हा तुमच्या पत्नीला या महिन्यांत कोणी सीटी लिहून दिला तर "सोनोग्राफीवर भागेल का?" एवढं जरूर विचारा.

मला खटकतं ते दुसरंच. मासळी-पाणी तपासणारी ती प्रयोगशाळा भाभा अणुसंशोधन केंद्राची, केंद्र अणुऊर्जा खात्याचं, भट्टी चालवणारी कंपनीही त्याच खात्याची. नियामक मंडळाला तेव्हा स्वतंत्र कायदेशीर अधिकार नव्हते, असं कॅगने २०१२ च्या अहवालात सुनावलं होतं. त्याआधी २०११ मध्ये त्यासाठी आणलेलं विधेयक त्या लोकसभेबरोबरच बारगळलं. मामांना मी एकदा विचारलं, तुमचेच लोक तुमचाच डोस मोजतात, विश्वास बसतो? ते म्हणाले, "पेन डोसीमीटर, म्हणजे पेनासारखं डोस मोजायचं यंत्र, उजेडाकडे धरून मी स्वतः वाचायचो. बाहेर पडताना हात-पाय मशीनमध्ये घातल्याशिवाय दार उघडायचं नाही." त्यांच्यापुरतं ते बरोबर होतं. गावातल्या कोळणीकडे पेन नसतं.

तुमच्या जागी मी असते तर भट्टीमुळे फ्लॅट सोडला नसता. एमआयडीसीमुळे कदाचित सोडला असता. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत तारापूर औद्योगिक क्षेत्र देशात सगळ्यात प्रदूषित होतं, आणि तो वास ओळखायला बिल्ला लागत नाही. रात्री अकराच्या सुमारास एकदा जाऊन त्या इमारतीच्या गच्चीवर उभे राहा, बोअरचं पाणी कोणत्या रंगाचं येतं ते बघा. फ्लॅट पास्थळच्या बाजूला आहे की कारखान्यांच्या, ते कमेंटमध्ये सांगा.